शेचाळीस ओहमची शेगडी

…अन् मले फक्त चहा पाहिजे होता जी. सकाळचे साडेसहा, फिरून आलो, चप्पल काढली, खुर्चीवर बसलो अन् म्हटलं, अनुसया, चहा मांड. आता भैय्याजी, तुम्ही अगदी समोर बसून राहिले म्हणून तुमालेच विचारतो, तुमच्या घरी चहा मांगितला का काय येते? चहा येते. अन् माह्या घरी काय येते? “थांबा, आधी व्होल्टेज पाहू द्या.”

व्होल्टेज. चहाले. तुमाले सांगतो, अठ्ठावन्न वर्षांची बाई, नाकावर चष्मा, कमरेले पदर खोचलेला, अन् फ्रीजवर तो स्टॅबिलायझर राहते ना, त्याच्या काट्यात अशी डोकावून पाहते जशी काही आत कोणी ओळखीचं बसलं आहे. मंग कॅलेंडरच्या मागच्या बाजूले लिहिते, अन् लिहिता लिहिता मोठ्यानं बोलते, “एकशे चौऱ्यांशी व्होल्ट. शेगडीचा रोध शेचाळीस ओहम. एकशे चौऱ्यांशी भागिले शेचाळीस, चार अँपिअर. चार गुणिले एकशे चौऱ्यांशी, सातशे छत्तीस वॅट. अवो, शेगडी आहे साडेअकराशेची अन् आज मिळून राहिले सातशे छत्तीस. चहाले वेळ लागन.” म्हटलं, अनुसया, बाजूले गॅस आहे, भरलेलं सिलिंडर आहे, लायटर तुह्या हाताखाली आहे, गॅसवर मांड ना. तर म्हणते, “गॅसवर गणित येत नाही.”

मी काही विरोध केला का? नाही केला. बसलो हात बांधून, सातशे छत्तीस वॅटच्या भरोशावर.

अन् हे सारं सुरू झालं पिंकीपासून. पिंकी म्हणजे माही नात, माह्या पोराची, हेमराजची पोट्टी, आता बारावीत आहे अन् घरात तिच्याएवढी शहाणी तीच. तर ही पिंकी दहावी पास झाली, पुस्तकं रद्दीत द्याले काढली, अन् तिच्या आजीनं ती सारी उचलून आपल्या ट्रंकेत नेऊन ठेवली. मले वाटलं, कपाटात पेपरच्या जागी अंथरन. कशाचं काय. चार दिवसांनी मी जेवून राहिलो, ताटात वांग्याची भाजी, अन् ही शांतपणे म्हणते, “मी सतरा नंबरचा फॉर्म भरला.” सतरा नंबर म्हणजे काय, तर शाळेत न जाता घरून दहावीले बसतात, त्याचा फॉर्म. बरं, भरू का म्हणते का? नाही. भरला म्हणते. नातीनं मोबाईलवर सारं करून टाकलं, फोटोसकट, अन् ज्याच्या नावानं घराची पाटी आहे त्या माणसाले बातमी वांग्यासोबत भेटते. मी काही विरोध केला का? नाही केला. एवढंच विचारलं, का वं, काहून? या वयात तुले कोण नोकरी देऊन राहिला?

तर उठली. हात धुतले. ट्रंकेच्या पार तळातून एक कागद काढला. चौऱ्यांशी सालचा, दहावीच्या निकालाचा. घडीवर फाटलेला, मागून अस्तराच्या कपड्याची पट्टी चिकटवलेली. नाव, गाव, विषय, अन् जितके विषय तितक्यांपुढे एकच शब्द. गैरहजर, गैरहजर, गैरहजर, असा खालपर्यंत. म्हणते, “नापास चालन मले. गैरहजर नाही चालत.”

त्या कागदाचं मी मंग सांगतो. आता नाही सांगत. आता शेगडीचं चालू आहे.

तर काय झालं, मराठी तिले येते, इतिहासात तर ती असं बोलते जसं सारं तिच्या डोळ्यांसमोर घडलं, भूगोलाचे नकाशे पिंकीपेक्षा बरे काढते. गाडी अडली कुठं? विजेच्या धड्यात. व्होल्ट, अँपिअर, रोध, शक्ती. अन् शिकवणारी कोण, तर पिंकी, म्हणजे मास्तरीणच. मी बाजूच्या खोलीत पेपर वाचून राहिलो, अन् इकडून आवाज येते, “आजी, उत्तर काय आलं?” “शेचाळीस.” “शेचाळीस काय? शेचाळीस आंबे, का शेचाळीस बकऱ्या? एकक कुठं आहे? एकक नाही, मार्क कट.” अन् माही बायको, जिच्यापुढं माह्या साळ्यांची बोलाची हिंमत होत नाही, ती खाली मान घालून म्हणते, “हाव मॅडम.”

बरं, पुस्तकातल्या शेगड्या पुरल्या नाहीत म्हणून मंग घरातल्या वस्तू उलट्या होऊ लागल्या. प्रत्येक मशीनच्या बुडाले एक पत्रा राहते, त्याच्यावर किती व्होल्ट, किती वॅट ते लिहिलं राहते. मिक्सर उलटा, टोस्टर उलटा. इतवारीत माह्या मामेभावाच्या पोरीचं लग्न, मी बनियानवर उभा, सदरा हातात, अन् इस्त्री कुठं, तर डायनिंग टेबलवर पालथी. म्हटलं, अवं मुहूर्त चुकन. “दोन मिनिटं. हजार वॅट भागिले दोनशे तीस व्होल्ट, चार पॉइंट तीन पाच अँपिअर. रोध आला बावन्न पॉइंट नऊ.” म्हटलं, आला ना, आता सदरा दे करून. तर म्हणते, “एकक लिहू द्या.” मी चुरगळलेल्या सदऱ्यात अक्षता टाकून आलो जी. मामेभाऊ विचारून राहिला, बाबनराव, प्रवासातून आले का? मी काही विरोध केला का? नाही केला. म्हटलं, हाव, दूरचा प्रवास आहे.

पण खरं सांगू का, मले तिचं वाईट वाटे. गणित तिले येऊन राहिलं होतं, पण ते काय आहे हे पोटात उतरून नव्हतं राहिलं. एक दिवस पेन खाली ठेवला अन् म्हणते, “आकडे भागून काय करू? हा रोध दिसत तर कुठंच नाही.” अन् पिंकी गेली होती ट्यूशनले. मंग मी गेलो. आता मी काही शिकलेला माणूस नाही, पण मी विणकराचा पोरगा. आमच्या घरी दोन माग होते. माग बसले, मंग मी गांधीबागेत कापडाच्या दुकानात तीस वर्ष कापड मोजलं, पण हात तो विणकराचाच. म्हटलं, अनुसया, माग आठव. माणूस आडव्या सुताचा धोटा फेकते, त्या फेकण्यातला जोर म्हणजे तुहा व्होल्ट. मिनिटात धोटा किती वेळा इकडून तिकडे जाते, ते झालं अँपिअर, म्हणजे धारा. अन् ताणा, म्हणजे उभं सूत, जितका दाट, जितका कसलेला, तितकी धोट्याले अडचण, तो रोध. जोर तेवढाच ठेवला अन् अडचण दुप्पट झाली, तर धोटा निम्मेच वेळा जाईन. तिनं डोळे मिटले, हात असा हवेत हलवला, जसा धोटा दिसूनच राहिला. म्हणते, “अन् शक्ती?” म्हटलं, जोर अन् फेऱ्या, दोघांचा गुणाकार. तासाभरात पातळ किती विणून झालं, ते.

तिनं डोळे उघडले अन् माह्याकडं असं पाहिलं, तुमाले सांगतो, चाळीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. म्हणते, “तुम्ही तर पिंकीपेक्षा चांगले शिकवता.”

अन् तिथंच माणूस बिघडला. एवढ्यावर उठून जाचं होतं मी. नाही गेलो. चढलो ना हरभऱ्याच्या झाडावर. म्हटलं, अनुसया, हे रोध-बिध पुस्तकी शब्द तुह्या ध्यानात राहाचे नाही. सरळ विरोध म्हण. रोध म्हणजे विरोधच तो. अन् त्याचं एकक ते ओहम-फोहम जाऊ दे, अहं म्हण. अहं म्हणजे अहंकार. माणसाचा विरोध कशात मोजतात? अहंकारातच मोजतात. काय हसली बाई. पदर तोंडाले लावून हसली. आल्यागेल्याले सांगू लागली, शेजारच्या इंदुताईले सांगितलं, भाजीवाल्यालेही सांगितलं, “आमच्या यांनी शिकवलं, विरोध अहंमध्ये मोजतात.” अन् मी? मी कॉलर नीट करून राहिलो.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मी रोज सोडाले जाऊ, आणाले जाऊ. त्या शाळेच्या फाटकाशी साऱ्या पोरांचे मायबाप उभे, अन् मी बायकोची पाण्याची बाटली धरून. एक बाई म्हणते, “काका, नातीचा नंबर कोणत्या हॉलमध्ये आला?” म्हटलं, नातीचा नाही, तिच्या आजीचा. ती बाई पेपर सुटेपर्यंत माह्याशी बोलली नाही.

निकाल लागला. सारे विषय सुटले. विज्ञान गेलं. तीन मार्कानं.

मले वाटलं, आता ही रडन. हेमराज सुटी काढून आला, माही पोरगी अंजू उमरेडहून आली समजवाले. अन् ही काय करते, तर पेढे आणून वाटून राहिली. इंदुताई म्हणे, “पास झाल्या का वं?” “नाही. नापास झाली. पण हजर होती.” तो नवीन कागद अन् तो चौऱ्यांशीचा कागद, दोन्ही बाजूबाजूले ठेवले, अन् अंजूले बोट ठेवून दाखवते, “पाह्य, कुठंच गैरहजर नाही.” पण संध्याकाळी भाकर थापता थापता एकदम थांबली अन् म्हणते, “तीन मार्क कुठं गेले, एवढं मात्र मले पाहाचं आहे.”

तर तिनं आपल्या पेपरची झेरॉक्स मागवली. मिळते तशी, अर्ज केला का. ती आली. पिंकीनं टेबलवर पसरली, आम्ही सारे वाकून पाहून राहिलो. गणित होतं हेच, शेगडीचं. दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर, रोध काढा, शक्ती काढा. अन् तिनं काय सुंदर अक्षरात लिहिलं होतं. दोनशे तीस भागिले पाच, शेचाळीस. दोनशे तीस गुणिले पाच, अकराशे पन्नास वॅट. आकडा एक चुकला नाही. अन् शेचाळीसच्या पुढं, एकक विसरली नाही बिचारी, लिहिलं होतं, “अहं.” त्याच्याभोवती लाल गोल. व्याख्येत लिहिलं होतं, “वाहक धारेला जो अडथळा करतो त्याला विरोध म्हणतात.” लाल गोल. गाळलेली जागा भरा, तिथं बी विरोध. लाल गोल. तीन गोल, तीन मार्क. तपासणाऱ्याचं काय चुकलं? त्याले थोडंच माहीत, हे शब्द कोणी शिकवले.

पिंकी म्हणते, “आजी, हे काय आहे? विरोध कोणी सांगितलं तुले?” अन् साऱ्यांनी माह्याकडं पाहिलं. फक्त तिनं नाही पाहिलं. ती हसून राहिली होती. म्हणे, “माह्याच ध्यानात राहिलं नाही गं, ऐन वेळेले डोकं चाललं नाही.” माह्यावर येऊ दिलं नाही जी तिनं.

मी उठलो अन् गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अन् आता तो कागद सांगतो. मघाशी ठेवला होता ना बाजूले, तो.

चौऱ्यांशी साल. फेब्रुवारीत आमचं लग्न झालं, मार्चमध्ये तिची दहावी. फॉर्म माहेरून भरला होता, हॉल तिकीट ट्रंकेत घेऊन आली होती, माह्या सासऱ्यानं दोन वेळा हात जोडून सांगितलं होतं, तेवढी परीक्षा देऊ द्या. पहिल्या पेपरच्या सकाळी ती आंघोळ करून, वेणी घालून, हॉल तिकीट हातात घेऊन मागाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी मागावर. माही माय, रुखमाबाई, ती ओसरीत. माय म्हणाली, “मागावर पातळ चढलं आहे. धोट्यातल्या सुताच्या कांड्या कोण भरन?” एवढंच. ना ओरडली, ना काही. अन् अनुसयानं माह्याकडं पाहिलं. मले फक्त म्हणाचं होतं, आई, जाऊ दे तिले, कांड्या मी भरतो. सहा-सात शब्द. अन् मी मान खाली घातली अन् धोटा फेकला.

सांगा भैय्याजी, मी काही विरोध केला का? नाही केला. ज्या एका दिवशी कराले पाहिजे होता, त्या दिवशी नाही केला. तिनं हॉल तिकीट घडी करून ट्रंकेत ठेवलं, कांड्या भराले बसली, अन् तिकडं तिच्या बाकासमोर कोणीतरी लिहून राहिला होता, गैरहजर. अन् चाळीस वर्षांनी ती एकदाची हजर झाली, तर तिच्या पेपरात जाऊन बी मीच आडवा पडलो.

तर मी गॅलरीत उभा, ती मागून आली. म्हणे, “चहा देऊ का?” मी तिकडं पाहिलंच नाही. म्हटलं, अनुसया, त्या दिवशी मी आईले बोलाले पाहिजे होतं. माही चूक झाली. बस, एवढंच निघालं तोंडातून. ती माह्या बाजूले रेलिंगले टेकली अन् म्हणते, “एवढं बोलाले चाळीस वर्ष लागले? लयच कमी धारा आहे तुमची.”

मी रडून राहिलो का हसून राहिलो, मलेच समजलं नाही जी. मंग माहा हात धरला तिनं, गॅलरीत, समोर अख्खी कॉलनी. चाळीस वर्षांत असं केलं नव्हतं. अन् म्हणते, “जुलैत परत बसते. आता तुम्ही शिकवा, पण शब्द पिंकीचे.”

जुलैत बसली. मी परत फाटकाशी, परत बाटली धरून. पेपर देऊन बाहेर आली, दुरूनच हात वर करून सांगते, “रोध लिहिलं. ओहम लिहिलं.” म्हटलं, गणित कोणतं होतं? “शेगडीचं नव्हतं. गिझरचं होतं.” अन् एकोणचाळीस मार्क पडले. विज्ञान सुटलं. तो पास झाल्याचा कागद तिनं त्याच ट्रंकेत, त्या चौऱ्यांशीच्या कागदावर ठेवला, त्याच्याआड तो झाकला जाईन असा.

आता तुमाले वाटन, झालं, संपलं. मले बी वाटलं. म्हणून तर आज सकाळी चहा मांगितला ना जी. तर इकडं सातशे छत्तीस वॅटवर चहा चढलेला, उकळाचं नाव नाही, अन् ही कॅलेंडर बाजूले ठेवून म्हणते, “मी बारावीचा सतरा नंबर भरून राहिली. सायन्स.” मी म्हटलं, भर. “प्रॅक्टिकलले जा लागन, सारा दिवस.” म्हटलं, जा. “घरात स्वयंपाक तुमाले करा लागन.” म्हटलं, करीन. शिकलो ना मी, विरोध कराचा नाही. कान पकडले. तर हिनं पळी खाली ठेवली अन् म्हणते, “अवो, असं नका करू. थोडा तरी रोध ठेवा.”

म्हटलं, अवं, काहून आता?

“रोध एकदम शून्य झाला का शॉर्ट सर्किट होते. अन् रोध आहे म्हणूनच शेगडीची तार तापते. नाही तर चहा कसा होईन? तुम्ही सारं हो हो म्हणता, तर मले वाटते, हा माणूस घरात आहे का गैरहजर आहे?”

पाह्यलं? पेपरासाठी विरोध शिकवला तर चुकलो, जिथं कराचा तिथं केला नाही तर चुकलो, अन् आता सोडला तर बी चुकलो. म्हटलं, ठीक आहे बाप्पा. उभा राहिलो. छाती काढली. आवाज लावला. म्हटलं, बारावी-फारावी काही नाही. सायन्स तर बिलकुल नाही. आधी मले चहा दे, अन् तो बी गॅसवर.

तिनं चष्मा नीट केला. माह्याकडं खालून वर पाहिलं, जसा माह्या बुडाले बी पत्रा लावला आहे. मंग कॅलेंडर ओढलं अन् लिहिलं, “रोध, एक ओहम.” एकक सुद्धा लिहिलं.

म्हटलं, एकच? त्या शेगडीले शेचाळीस देते अन् मले एक?

म्हणते, “शेगडीले चहा कराचा राहते. तुमाले फक्त प्याचा आहे.”